रिंगेतल्या भरतकामाची मागची बाजू

मा. संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत भिंतीवरच्या सजावटीविषयी जो मजकूर नुकताच प्रसिद्ध झाला, त्यात क्रॉसस्टिचचे, म्हणजे फुलीच्या टाक्याचे, पूर्ण झालेले काम लाकडी रिंगेतच ठेवून, मागचे जादा कापड गरम गोंदाने कड्याला चिकटवून, पाच मिनिटांत ते भिंतीवर लावण्याजोगे कसे करावे, हे छायाचित्रांसह सांगितले होते. एकात एक बसणाऱ्या दोन कड्यांमध्ये कापड ताणून धरणाऱ्या या रिंगेकडे नुसते अवजार म्हणून न पाहता चौकट म्हणूनही पाहावे, हे त्यातले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. माझ्या वर्गातल्या मुलींना मी बरीच वर्षे तेच सांगत आले आहे. आक्षेप आहे तो गोंदावर. ज्या कामात दोन-दोन महिने जातात, ते पाच मिनिटांत कायमचे बंद करून टाकण्याची ही पद्धत आपल्याकडच्या हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, त्या कामाचे आयुष्य कमी करते. रिंगेतले काम पुन्हा उघडता येईल अशा रीतीने, म्हणजे शिवूनच, बंद केले पाहिजे, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे आणि ते थोडे लांबले तर क्षमा असावी.

आमच्या पिढीच्या घरांत मॅटीवर, म्हणजे सारख्या चौकोनांच्या विणीच्या भरतकामाच्या कापडावर, भरलेली पोपटांची जोडी, हंस किंवा ‘सुस्वागतम’ ही अक्षरे काचेच्या तसबिरीत बसवून दरवाजावर लावलेली असत. तसबीर करणारा कारागीर मॅटी ओली करून हार्डबोर्डवर ताणी, कडेने बारीक चुका ठोकी आणि वर खळीचा किंवा सरसाचा हात फिरवी. काम ताठ बसे यात शंका नाही. पण खळ हे कसरीचे आवडते खाद्य आहे आणि काच कापडाला चिकटून बसलेली असल्यामुळे पावसाळ्यात आत साचणाऱ्या दमटपणाला बाहेर पडायला वाट नसे. त्या तसबिरी आज उघडल्या तर बहुतेकींच्या कडेने चुकांच्या गंजाचे तांबूस ठिपके आणि मधोमध बुरशीचे करडे डाग हमखास सापडतात. या दृष्टीने पाहिले तर काच नसलेली, हलकी, एका खिळ्यावर टांगता येणारी आणि कापडाला दोन्ही बाजूंनी हवा मिळू देणारी रिंग आपल्या हवेला अधिक मानवणारी आहे. जुन्या तसबिरीतला एक मोठा दोष रिंगेमुळे टळतो. तो गोंदाच्या रूपाने परत घरात कशाला आणायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

गोंदाचे काय होते ते सांगते. बंदुकीतून निघणारा गरम गोंद हा उष्णतेने मऊ होणारा आणि थंड झाल्यावर घट्ट होणारा पदार्थ आहे. ताणलेले कापड त्याला सतत ओढत असते, त्यामुळे उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर लावलेल्या रिंगेतील कापड हळूहळू सैल पडू लागते आणि काही वर्षांनी तोच गोंद पिवळट व ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडतात. सुतारकामाचा पांढरा गोंद निराळ्या प्रकारे त्रास देतो: तो मॅटीच्या छिद्रांत शिरतो, वाळल्यावर कापड पत्र्यासारखे कडक करतो आणि पुढे धुण्याने निघत नाही. कोणत्याही गोंदाने बंद केलेले काम पुन्हा धुता येत नाही, पुन्हा ताणता येत नाही आणि रिंग खराब झाली तर दुसऱ्या रिंगेत घालता येत नाही, ही खरी अडचण आहे. काच नसलेल्या कामावर धूळ बसणारच आणि कधी ना कधी ते धुवावे लागणारच. तेव्हा धुण्याची वाट आधीच बंद करून ठेवण्यात शहाणपण नाही.

याचा पडताळा आम्हा चिपळूणकरांना फार कठोरपणे मिळाला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी शहरात शिरले. त्यानंतरच्या दिवसांत घराघरांतून चिखलाने भरलेल्या वस्तू अंगणात काढल्या जात होत्या, तेव्हा काही बायकांनी त्यांच्या भिंतीवरच्या रिंगा काही करता येईल का म्हणून माझ्याकडे आणून दिल्या. त्यांतल्या ज्या धावदोऱ्याने बंद केलेल्या होत्या, त्यांचा दोरा एका ठिकाणी कापला की मॅटी मोकळी होत होती. कडी टाकून दिली, कापड साध्या पाण्यातून चिखल सुटेपर्यंत पुन्हा पुन्हा काढले, आणि पांढऱ्या मॅटीवर फिकट मातकट झाक राहिली तरी भरलेले काम वाचले. गोंदाच्या रिंगांत मात्र चिखल मागे चिकटवलेला फेल्ट (जाड, दाबीव कापड) आणि मॅटी यांच्या मध्ये जाऊन बसला होता. तो काढण्यासाठी फेल्ट सोडवू गेले तर गोंदाच्या थराबरोबर मॅटीचे धागेच उपसून येत आणि जिथे गोंद शिल्लक राहिला तिथे तपकिरी वर्तुळ तसेच उरे. एका रिंगेत तुळशीवृंदावन भरलेले होते. त्याचा खालचा चौथरा कडेच्या इतका जवळ आला होता की गोंद थेट भरलेल्या फुल्यांवर गेला होता. ते काम आम्हाला कापून टाकावे लागले. पूर रोज येत नाही, हे मान्य. पण छप्पर गळते, भिंतीला ओल येते, लहान मूल सरबत सांडते, आणि या सगळ्यांवर उपाय एकच असतो, तो म्हणजे काम उघडून धुणे.

आता शिवून बंद करण्याची रीत. त्या मजकुरात रिंगेचे माप कसे ठरवावे याचा उल्लेखच नव्हता आणि नव्याने शिकणाऱ्यांची निम्मी फसगत तिथेच होते. १४ काउंटच्या मॅटीवर एका इंचात १४ फुल्या बसतात, म्हणजे ७० बाय ७० फुल्यांचे चौकोनी चित्र ५ इंचांचे होते. ५ इंचांचे चित्र ६ इंची रिंगेत सहज बसेल असे वाटते, पण ते बसत नाही, कारण चौकोनाचा कर्ण ७ इंचांहून थोडा अधिक भरतो आणि चारही कोपरे कड्याखाली जातात. अशा चित्राला ८ इंची रिंग लागते. ६ इंची रिंगेत जास्तीत जास्त ५९ फुल्यांचा चौकोन मावतो, आणि तोही कोपरे कड्याला टेकवून. गोल चित्र असेल तर मात्र त्याच रिंगेत ७० फुल्यांची रुंदी बसून सर्व बाजूंनी अर्धा इंच मोकळा राहतो. हा हिशेब पहिला टाका घालण्यापूर्वीच करावा आणि चित्राच्या चारही बाजूंना निदान तीन इंच कोरी मॅटी ठेवूनच कापड कापावे.

काम पूर्ण झाल्यावर रिंगेतून काढून धुवावे, मग ते कितीही स्वच्छ दिसो. हाताचे तेल आज दिसत नाही. वर्षा-दोन वर्षांनी ते पिवळेपणाच्या रूपाने वर येते. पाण्याने जाणाऱ्या पेनाने रेघा आखल्या असतील तर धुण्याआधी इस्त्री मुळीच फिरवू नये, कारण उष्णतेने त्या रेघा पक्क्या होतात. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब पुरतात. रिठा रेशमाला चांगला, परंतु पांढऱ्या मॅटीला त्याचा किंचित पिवळसर रंग लागतो म्हणून मी तो वापरत नाही. सहा पदरी नामांकित दोऱ्यांचे रंग बहुधा पक्के असतात; सुट्या बाजारातल्या लाल आणि काळ्या दोऱ्यांची खात्री मात्र देता येत नाही. रंग सुटताना दिसला तर कापड वाळू देऊ नये. थंड पाणी बदलत राहावे आणि पाणी नितळ होईपर्यंत धीर धरावा. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने रंग पक्का होतो असे पुष्कळजणी सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. धुतल्यावर पिळू नये, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि ओलसर असतानाच टर्किश टॉवेलवर उलटे घालून इस्त्री करावी, म्हणजे फुल्या चपट्या न होता टॉवेलच्या लवेत रुतून पुढून उठावदार राहतात.

रिंगेचेही थोडे बघावे लागते. लाकूड असो वा बांबू, त्यातील द्रव्ये कालांतराने कापडात उतरतात आणि कड्याच्या रेषेत तपकिरी छटा धरते. यावर उपाय जुनाच आहे: आतल्या कड्याला मऊ सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी तिरकी गुंडाळत जावी आणि शेवट दोन टाक्यांनी पक्का करावा. जुन्या धोतराची किंवा मलमलची पट्टी यासाठी उत्तम. त्यामुळे लाकूड कापडाला लागत नाही आणि कापडही घसरत नाही, असे दोन्ही हेतू साधतात. स्क्रू पितळी असेल तर पाहून घ्यावा; नुसता मुलामा दिलेला लोखंडी स्क्रू आमच्याकडे एका पावसाळ्यात गंजतो आणि गंज कापडावर उतरला की तो निघत नाही. आजकाल लाकडासारख्या दिसणाऱ्या रबरी-प्लास्टिकच्या रिंगाही मिळतात. मला त्या दिसायला आवडत नाहीत, पण दमट घरात त्या टिकतात हे खरे.

मॅटी रिंगेत बसवण्यापूर्वी तिच्याखाली पांढऱ्या पॉपलीनचा किंवा दोनदा धुऊन कांजी घालवलेल्या मांजरपाटाचा एक थर घालावा. मॅटीला छिद्रे असतात, त्यामुळे मागे एका फुलातून दुसऱ्या फुलाकडे ओढत नेलेला गडद दोरा पुढून सावलीसारखा दिसतो. हा थर तो झाकतो आणि कापडाला थोडा भरीवपणाही देतो. चित्राच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या आणि आडव्या ओळींवर वेगळ्या रंगाचा कच्चा धावदोरा घालून घ्यावा, उभी रेषा स्क्रूच्या बरोबर खाली आणावी आणि मग बाहेरचे कडे चढवावे. ताणताना सगळा खेळ दिशेचा आहे. आधी वर आणि खाली, मग डावीकडे आणि उजवीकडे, अशा मॅटीच्या धाग्याच्या सरळ रेषेतच ओढावे. तिरक्या दिशांना अगदी हलका हात लावावा. तिरके जोरात ओढले की मॅटीचे चौकोन शंकरपाळ्यासारखे होतात आणि सरळ भरलेली ओळ धनुष्यासारखी वाकते. मोठमोठ्या प्रदर्शनांतही रिंगेतील घरांच्या भिंती आणि मंदिरांचे खांब वाकलेले दिसतात ते याचमुळे. त्यात भरणाऱ्याचा काही दोष नसतो. कापड नगाऱ्यासारखे वाजेपर्यंत ताणण्याची गरज नाही. स्क्रू थोडा आवळावा, ताण पाहावा, पुन्हा थोडा आवळावा, असे दोन-तीन वेळा केले की पुरते.

त्यानंतर कड्यापासून दीड इंच सोडून मॅटी आणि अस्तर गोल कापावे. दुहेरी घेतलेल्या मजबूत दोऱ्याने, काठापासून अर्धा इंच आत, पाव इंची टाक्यांचा धावदोरा गोल घालत यावा. दोऱ्याची दोन्ही टोके ओढली की सगळे कापड बटव्याच्या तोंडासारखे मागे गोळा होते. त्या चुण्या बोटाने सारख्या करून घट्ट निरगाठ मारावी. रिंग मोठी असेल तर समोरासमोरच्या चुण्यांमधून आडवा-उभा दोरा ओवून जाळे घालावे, म्हणजे ताण सगळीकडे सारखा राहतो. मग रिंगेच्या आतल्या मापाहून किंचित मोठे वर्तुळ मांजरपाटाचे किंवा फेल्टचे कापून, मांजरपाट असल्यास कड दुमडून, ते गोळा केलेल्या कापडाला तुरपाईने किंवा काजाच्या टाक्याने जोडावे. टाका मागच्या चुण्यांतच घ्यायचा, पुढच्या मॅटीपर्यंत सुई जाऊ द्यायची नाही. हे सारे करायला सरावलेल्या हाताला तासाच्या आत वेळ लागतो. उघडायचे झाले तर एक दोरा कापला की झाले.

मागच्या त्या मांजरपाटावर, तो जोडण्यापूर्वीच, आपले नाव, साल, मॅटीचे काउंट आणि वापरलेल्या दोऱ्यांचे क्रमांक पक्क्या शाईने लिहावेत किंवा टाक्यांनी भरावेत, असा माझा आग्रह असतो. दोऱ्यांचे क्रमांक दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडतात. नावाचा आणि सालाचा उपयोग काय असे विचारणाऱ्या मुलींना मी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या नमुनापटाबद्दल, म्हणजे टाक्यांचे नमुने भरलेल्या कापडाबद्दल, सांगते. जेन बॉस्टॉक नावाच्या स्त्रीने तो भरला आणि त्यावर १५९८ हे साल घातले. साल असलेला तो सर्वांत जुना ब्रिटिश नमुनापट मानला जातो. ॲलिस ली नावाच्या मुलीचा जन्म २३ नोव्हेंबर १५९६ रोजी झाला, हेही त्यावर टाक्यांनी लिहिलेले आहे. आपल्याकडच्या जुन्या मॅट्यांवर पोपट असतात, फुले असतात, पण भरणारीचे नाव क्वचितच असते आणि आजीने भरले की पणजीने, यावर घरात वाद चालतात.

भिंतीवर लावण्याविषयी थोडक्यात. संग्रहालये वस्त्रे मांडताना प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास, म्हणजे बराच मंद, ठेवतात. घरात तेवढा अंधार करणे शक्य नाही, पण खिडकीसमोरची उन्हाची भिंत टाळता येते. स्वयंपाकघर तर टाळावेच. रिंगेच्या मागे खालच्या बाजूस बुचाचे दोन छोटे तुकडे शिवून किंवा दोऱ्याने बांधून टाकले की रिंग भिंतीपासून सुटी राहते आणि मागून हवा खेळते. धूळ मऊ कुंचल्याने महिन्यातून एकदा वरून खाली झाडावी. कोकणात ज्या भिंती पावसाळ्यात पाझरतात, तिथल्या रिंगा मृगापूर्वी उतरवून मलमलच्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवाव्यात आणि सोबत वेखंडाची पुरचुंडी टाकावी. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र त्या कधीही घालू नयेत, कारण आत अडकलेला दमटपणा तिथेच बुरशी धरतो.

रिंग सगळ्याच कामांना शोभते असेही नाही. दहा इंचांहून मोठ्या रिंगेतले कापड दमट हवेत सैल पडतेच. अशा मोठ्या चित्रांना, आणि रस्त्यालगतच्या धुळीच्या घरांतल्या कामांना, तसबीरच बरी, फक्त काच आणि कापड यांच्या मध्ये पट्टी घालून अंतर ठेवायला आणि खळीऐवजी दोऱ्याने ताणायला तसबीर करणाऱ्याला बजावून सांगावे.

मागची बाजू पाहण्याची सवय आपल्या शेजारी जिवंत आहे. धारवाडकडचे कसुती हे भरतकाम सोलापूर-कोल्हापूरच्या घरांना इरकली लुगड्यांवरून चांगले परिचित आहे. त्यातील गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसावेत असे घातले जातात. दोऱ्याला गाठ मारायची नाही. जाताना सोडलेल्या जागा परतीच्या वाटेवर भरत यायचे. क्रॉसस्टिचची मागची बाजू तितकी देखणी होणे अवघड आहे आणि तशी अपेक्षाही मी करत नाही, पण ती फेल्टखाली गोंदाने गाडून टाकावी इतकी दुर्लक्षण्याजोगीही नाही. स्थानिक हस्तकला स्पर्धांमध्ये मात्र रिंगा टेबलावर पालथ्या ठेवून पाहणारे परीक्षक मी अगदी मोजके पाहिले आहेत. काही ठिकाणी तर रिंगेत लावलेले काम ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला ठेवले जाते आणि काचेत खळीने चिकटवलेल्या कामाला बक्षीस मिळते. संयोजकांनी नियमावलीत मागची बाजू तपासली जाईल असे एक वाक्य घातले तरी शिकणाऱ्या मुली आपोआप तिच्याकडे लक्ष देऊ लागतील.

शेवटचा मुद्दा पैशाचा आहे, कारण बचत गटांच्या दिवाळी प्रदर्शनांत आता अशा रिंगा मोठ्या संख्येने विकायला असतात. शिवून बंद केलेल्या रिंगेला तासभर अधिक लागतो आणि मांजरपाट, पितळी स्क्रूची रिंग, फीत यांचा खर्चही वाढतो. त्यामुळे ती गोंदाच्या रिंगेपेक्षा महाग पडणारच. पुढून दोन्ही सारख्याच दिसत असल्याने ग्राहक स्वस्त असेल ती उचलतो, आणि नीट काम करणारी बाई पुढच्या वर्षी नाइलाजाने गोंदाची बंदूक विकत घेते. म्हणून विकणाऱ्या भगिनींना विनंती की, रिंग ग्राहकाच्या हातात देताना ती उलटी करून द्यावी आणि दोरा कुठे कापला म्हणजे काम उघडते, हे तिथेच दाखवावे. ग्राहकांनीही किमतीची घासाघीस सुरू करण्यापूर्वी मागची बाजू पाहून घ्यावी आणि तिथे गोंदाचा थर दिसला तर भाव त्या हिशेबाने ठरवावा.

कळावे.

आपली विश्वासू,
एक भरतकाम शिक्षिका,
चिपळूण, जि. रत्नागिरी